शुक्रवारी डुकरं ओरडत नसत

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. मला फक्त कान आहे; जे दिसल्यासारखं सांगेन, ते लोकांच्या बोलण्यातून कळलेलं आहे. मी एक जुना माईक आहे. वसईच्या पश्चिमेला केळीच्या वाड्यांमध्ये एक गाव आहे, तिथल्या एका डुकरांच्या शेडमध्ये, पत्र्याखालच्या आडव्या वाशाला मला टांगलेलं आहे. माझ्या जाळीला एका बाजूला पोचा आलेला आहे आणि माझ्यावर कोंड्याची धूळ बसते. माझी गोष्ट सांगतो. ऐकताना मध्येच अंगावर काटा आला तर घाबरू नका. तो आधी माझ्यावर आलेला आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. एका बाईने केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं केलं आणि ते एका पातळ पडद्याला चिकटवलं. मागे चुंबक बसवलं. आवाज आला की पडदा थरथरतो, वेटोळं हलतं आणि त्या हलण्यातून आवाजाची वीज तयार होते. त्यासाठी मला बाहेरची वीज लागत नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती लोकांना ठाऊक नसते. माझी वायर कुठेही जोडलेली नसली तरी माझा पडदा थरथरतच असतो. लोक म्हणतात, माईक बंद आहे. माईक कधीच बंद नसतो. पुढे ऐकणारं कोणी नसतं, एवढंच.

कारखान्यातून मी थेट चर्चमध्ये आलो. मागच्या बाजूला गायनवृंदाचा माळा होता, तिथे माझी जागा होती. मला सांभाळायचं काम प्लासिडकडे होतं. तेव्हा तो तरुण होता. दिवसा कचेरीत नोकरी, घरी वाडी आणि डुकरं, आणि रविवारी चर्चची सगळी यंत्रणा त्याच्या हातात. मिस्सा, म्हणजे रविवारचा प्रार्थनाविधी, सुरू होण्यापूर्वी तो माझ्यावर हलकेच फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "हलो, हलो." माझ्यातून गेलेला आवाज खालच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. लग्नात नवरीने अगदी पुटपुटत दिलेला होकार मी सगळ्यांना ऐकवला आहे. फादर म्हणायचे, "प्लासिडचा माईक देवाचा कान आहे." मला फार बरं वाटायचं.

त्या माळ्यावर मी एक गोष्ट शिकलो. शांतता दोन प्रकारची असते. प्रार्थनेला सगळे डोळे मिटून बसतात, तेव्हाची शांतता भरलेली असते. तिच्यात श्वास असतात, कपड्यांची सळसळ असते, कुणाचं तरी खाकरणं असतं. दुसरी शांतता शवपेटी उचलून लोक निघून गेल्यावरची. तिच्यात काहीच नसतं. माणसांना दोन्ही सारख्याच वाटतात. मला कधीच वाटल्या नाहीत.

पुढे चर्चमध्ये बिनवायरचे नवे माईक आले. जुना पसारा प्लासिडला घरी न्यायला सांगितला. मी आणि स्पीकरच्या वायरीचं एक मोठं भेंडोळं, असे आम्ही दोघे त्याच्या घरी आलो. वायर पडवीतल्या खुंटीवर गेली आणि मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्या डब्यात मी किती वर्षं होतो ते मला सांगता येत नाही. आवाज मात्र येत होते. क्लेमेंटीनचं, म्हणजे प्लासिडच्या बायकोचं, भांडी घासताना गुणगुणणं. त्यांची मुलगी एलिना पाढे म्हणायची, मग इंग्रजी कविता म्हणू लागली, मग फोनवर कुजबुजू लागली. झाकणाखाली माझा पडदा थरथरत राहायचा आणि ते सगळं कुठेच जात नसे.

एके दिवशी झाकण उघडलं. एलिना मोठी झाली होती. ती मुंबईत राहून पशुवैद्यकीचं शिकत होती. डुकरांच्या आवाजावरून त्यांना त्रास आहे की सुख आहे हे ओळखता येतं का, असा तिचा अभ्यासाचा विषय होता.

"नवा माईक कशाला पाहिजे?" प्लासिड म्हणाला. "ह्याने बिशपांचा उपदेश ऐकलाय. डुकरांचा पण ऐकेल."

"हो, आणि दोघांपैकी कोण जास्त लांबण लावतं तेही सांगेल," क्लेमेंटीन आतून म्हणाली.

"मम्मी!"

"मी कुठे नाव घेतलं कुणाचं?"

असा मी शेडमध्ये आलो. रेकॉर्डर शेडच्या बोर्डावर लावला की माझ्यात घूं असा आवाज यायचा, म्हणून एलिनाने त्याला बॅटरी लावून एका पेटीत बसवला. तेव्हापासून लाईट असो वा नसो, मी ऐकत असे आणि पेटी लिहून घेतल्यासारखं सगळं साठवत असे. एलिना दर शनिवारी घरी यायची, आवाज काढून घ्यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची.

मित्रांनो, डुकरं सतत बोलत असतात. एकमेकांच्या जवळ असली की ती बारीक, खालच्या पट्टीत हं, हं करतात. मी इथे आहे, तू तिथे आहेस ना, एवढाच त्याचा अर्थ. दचकली की भक् असा एकच आवाज काढून सगळी थिजतात. पण ऐकण्यासारखा आवाज असतो तो पिल्लांना पाजणाऱ्या मादीचा. बुटकी नावाची एक मादी होती. पाजायची वेळ झाली की ती आडवी व्हायची आणि संथ तालात हुंकार द्यायची. पिल्लं धावत यायची. मग ताल वाढत जायचा, जलद, आणखी जलद, आणि त्या जलद तालाच्या मागोमाग दूध सुटायचं. पिल्लं एकदम गप्प व्हायची. गायनवृंदात इतकं अचूक कोणी गायलं नव्हतं.

आणि त्रास झाला की डुक्कर किंचाळतं. तो आवाज उंच असतो, लांब असतो आणि शेवटी फाटतो. एलिना सांगायची की ह्या आवाजात लबाडी नसते. पहिले काही महिने तो मला क्वचितच ऐकू आला.

फेब्रुवारीत ऊन तापू लागलं. डुकरांना घाम येत नाही, ती तापतात आणि धापा टाकतात. प्लासिडला ते बघवेना. त्याने गोखिवऱ्याहून एक मोठा पंखा आणला आणि शेडमध्ये स्वतःच बसवला. वायर म्हणून खुंटीवरचं चर्चचं भेंडोळं उतरवलं.

"अहो, विघ्नेशला बोलवा ना," क्लेमेंटीन म्हणाली. विघ्नेश सातिवलीच्या एका कारखान्यात वीजतंत्री होता आणि त्यांच्याच गल्लीत राहायचा.

"मला वायरिंग शिकवतेस? चर्चमध्ये इतकी वर्षं एकदा तरी फ्यूज उडाला?"

डुकरांच्या पाण्याची लोखंडी नळी भिंतीच्या कडेने जाते. तिला जागोजागी पितळी तोट्या आहेत. डुकराने तोटी तोंडात दाबली की पाणी येतं. प्लासिडने वायर त्या नळीवरूनच नेली आणि सुतळीने बांधली. दिसायला नीट दिसत होतं. तो राखेच्या बुधवारचा आदला दिवस होता. दुसऱ्या दिवशी कपाळावर राख लावून दोघंही चर्चहून आली आणि आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत किंचाळणं सुरू झालं.

ते अचानक यायचं. शेड शांत असायची, पंख्याची घरघर चालू असायची, डुकरं हं, हं करत असायची. मग एखादं डुक्कर पुढे जायचं. क्षणभर काहीच नाही. आणि मग ती उंच, फाटणारी किंकाळी. लगेच सगळ्यांचं भक्. नंतर सगळी कळपाने शेडच्या मध्यात, एकमेकांना चिकटून, भिंतीपासून लांब. काही वेळाने दुसरं कोणी जायचं. पुन्हा तेच. भिंतीजवळ कोणीही नसायचं. सापाची सळसळ मला ऐकू आली असती, उंदरांची नखं ऐकू आली असती. तिथे काहीच नव्हतं. जिथे काहीच नाही तिथे जाऊन ती किंचाळत होती.

क्लेमेंटीन धावत यायची. तिच्या पायात रबरी गमबूट असायचे. ती भिंत तपासायची, नळीवर हात ठेवायची, तोटी दाबून बघायची. पाणी व्यवस्थित येत होतं. "काय झालं गो? काय दिसतंय तुला?" असं ती बुटकीला विचारायची. बुटकी तिच्या हाताकडे बघत मागे सरकायची.

संध्याकाळी प्लासिड पंखा बंद करून जायचा. मग सगळी डुकरं एकदम उठून तोट्यांवर जायची आणि अंधारात खूप वेळ फक्त पाणी पिण्याचा आवाज यायचा. तो आवाज माझ्याशिवाय कोणी ऐकत नव्हतं. पेटीत तो साठत होता, पण एलिना दिवसाच्या किंकाळ्याच शोधत होती.

आता शुक्रवारचं सांगतो.

शुक्रवारी डुकरं ओरडत नसत. पहाटेपासून दुपार टळेपर्यंत एकही किंकाळी नाही. शेडमध्ये इतकी शांतता असायची की पत्र्यावर पडलेलं सुकं पान मला ऐकू यायचं. डुकरं भिंतीशी जायची, पाणी प्यायची, हं, हं करायची. बुटकी आडवी व्हायची आणि तिचा ताल पूर्वीसारखा वाढत जायचा.

हे पहिल्यांदा ओळखलं रोझलीन मावशीने. ती पाचूबंदरची कोळीण, डोक्यावर टोपली घेऊन ह्या गावात मासळी विकायला यायची. उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशी तिच्या टोपलीभोवती गर्दी असायची आणि ती प्लासिडच्या पडवीत बराच वेळ बसायची.

"बाय, एक इचारू?" ती क्लेमेंटीनला म्हणाली. "मंगलवारी आली तवा तुजी डुकरां बोंबलत व्हती. गेल्या शुक्रवारी गप. आज शुक्रवार, परत गप."

"दमली असतील."

"दमली नाय. ती वार पालतात. शुक्रवारी कोन त्यांना खानार नाय, ह्ये त्यांना कलतं."

क्लेमेंटीन हसली. पण पुढचा शुक्रवार आला आणि ती स्वतः शेडच्या दाराशी कान देऊन उभी राहिली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिच्याबरोबर शेजारणी होत्या. हळूहळू गावात बोलणं झालं. कोणी म्हणालं, आपल्या प्रभूचं मरण मुक्या जनावरांनाही कळतं. कोणी म्हणालं, इतर दिवशी ती आपल्या पापांसाठी ओरडतात. शेडच्या दारावर कोणीतरी संत अंतोनीची तसबीर लावली. मठवासी अंतोनी, ज्यांच्या पायाशी डुक्कर असतं ते. बायका दाराशी मेणबत्ती लावून, हळू आवाजात रोझरी म्हणायच्या आणि पावलं न वाजवता जायच्या.

प्लासिडला हे सगळं पटत नव्हतं. एकदा गुरुवारी संध्याकाळी एकटाच येऊन तो माझ्याखाली उभा राहिला आणि डुकरांना म्हणाला, "उद्या शुक्रवार आहे, हे तुम्हाला सांगतो कोण?" डुकरं हं, हं करत राहिली.

आणि ह्याच दरम्यान बुटकीचं दूध आटत चाललं होतं. पाजणाऱ्या मादीला पाणी फार लागतं आणि ती दिवसभर पाण्याजवळ जात नव्हती. ती आडवी व्हायची, हुंकार द्यायची, ताल वाढवत न्यायची आणि त्या तालाच्या टोकाला काहीच नसायचं. पिल्लं ओढत राहायची आणि चिरकायची. क्लेमेंटीन बाटलीने दूध पाजू लागली. तरी एक पिल्लू गेलं. मग आणखी एक. ती प्रत्येकाला केळीच्या पानात गुंडाळून वाडीत पुरायची.

"ही पिल्लं राहणार नाहीत," तिने एलिनाला फोनवर सांगितलं. "तुझा तो माईक काय म्हणतो?"

एलिनाकडे आलेख होता. त्यात आठवड्याचे सगळे दिवस काट्यांसारखे वर गेलेले होते आणि शुक्रवारी दुपार टळेपर्यंत सपाट रेघ होती. तिने तो तिच्या सरांना दाखवला. सर म्हणाले, तुमच्या यंत्रात दोष असेल. तिने माझी वायर बदलली. रेघ तशीच राहिली.

"मम्मी, शुक्रवारी तुम्ही वेगळं काय करता? खाणं बदलता? उशिरा धुता?"

"काही नाही गं. उलट शुक्रवारी तर काहीच होत नाही."

क्लेमेंटीन खोटं बोलत नव्हती. शुक्रवारी सकाळीच लाईट जायची. वीज कंपनीचे लोक देखभालीसाठी तारा बंद ठेवायचे आणि दुपार टळल्यावर चालू करायचे. वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं. शुक्रवारी लाईट नसते हे इथे कोणी कोणाला सांगत नाही, जसं समुद्र पश्चिमेला आहे हे सांगत नाही. एलिना शुक्रवारी मुंबईत असायची. आणि मी बॅटरीवर होतो.

मग गुड फ्रायडे आला.

सुट्टीच्या दिवशी देखभालीचं काम नसतं. सकाळी लाईट होती. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनायात्रेला जायचं, यायला उशीर होईल, म्हणून प्लासिडने जाण्याआधीच पंखा लावला. क्लेमेंटीनने नवस केला होता. पिल्लं जगावीत म्हणून ती अनवाणी चालणार होती. तिने गमबूट शेडच्या दाराशी काढून ठेवले. घर रिकामं झालं.

त्या दिवशी चर्चची घंटा वाजत नाही. घंटेऐवजी लाकडी खटखटा वाजवतात. तो दुरून मला ऐकू येत होता, कोरडा, हाडावर हाड आपटल्यासारखा. आणि शेडमध्ये पहिली किंकाळी उठली. ती आजवरच्या सगळ्यांहून लांब होती. मग दुसरी. उन्हाने पत्रे तडतडू लागले आणि तहानेने एकामागून एक डुक्कर भिंतीशी जाऊ लागलं. दूर खटखटा, इथे किंकाळी. ऐकायला माणूस नव्हतं. मी ते सगळं ऐकलं, कारण मला दुसरं काही येत नाही.

मग ती ओरडायची थांबली.

थोड्या वेळाने अंगणात पावलं वाजली. रोझलीन मावशी आज टोपलीशिवाय आली होती, दोन शेजारणींना घेऊन. मागून प्लासिड, सुट्टीसाठी घरी आलेली एलिना आणि अनवाणी क्लेमेंटीन.

"बगा," मावशी कुजबुजली. "आज तर पार गप. आज मोटा दिवस ना."

बायकांनी दाराशी गुडघे टेकले. एकीने खालच्या आवाजात क्रूसाचं गीत सुरू केलं. माझ्या खाली डुकरं मध्यभागी पडलेली होती. हं, हं नव्हतं. बुटकीचा ताल नव्हता. पिल्लांचं चिरकणंही नव्हतं. ही प्रार्थनेची शांतता नव्हती. शवपेटी गेल्यानंतरची होती, आणि तिच्यावर लोक गात होते.

एलिना गुडघे टेकून बसली नाही. तिने पेटीला कानातली वायर जोडली आणि डोळे मिटले. तिच्या कपाळाला आठी पडली.

"डॅडी, ही शांतता शुक्रवारची नाही," ती म्हणाली.

"आज शुक्रवारच आहे ना बाळा."

"मी सगळे शुक्रवार ऐकलेत. त्यात डुकरं बोलतात. इथे कोणीच बोलत नाहीये."

तेवढ्यात बुटकी उठली. तिचे खूर कोब्यावर घसरले. ती हळूहळू भिंतीकडे गेली, थांबली, आणि तिने तोटीला तोंड लावलं.

जी किंकाळी उठली तिने गाणं मधोमध तुटलं. बायका मागे सरकल्या. कोणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली.

"शुक्रवारी वरडली!" रोझलीन मावशी म्हणाली. "गुड फ्रायडेला वरडली! बाय, ह्ये बरं नाय. कायतरी मोटं पाप आलंय घरात."

क्लेमेंटीनला वाटलं, पाप तिचंच. नवसात काही कमी राहिलं. ती कोणाकडे न बघता आत शिरली. कोबा ओला होता आणि तिचे पाय उघडे होते. "ये गो, ये, पाणी देते तुला," असं म्हणत ती तोटीकडे चालली. तिच्या पावलांचा चप चप आवाज माझ्या खालून गेला.

एलिनाच्या कानात मी होतो. तिला मी एकाच वेळी दोन आवाज देत होतो: आईची ओली पावलं, आणि त्यांच्याखाली सकाळपासून न थांबलेली घरघर. शुक्रवारच्या कुठल्याही आवाजात ही घरघर नव्हती. म्हणून तर त्यात पान पडलेलं ऐकू यायचं. तिने डोळे उघडले आणि वर बघितलं.

"पंखा," ती म्हणाली. मग ओरडली, "मम्मी, हात लावू नकोस! नळीला हात लावू नकोस! डॅडी, मेन स्विच पाडा!"

प्लासिडने आयुष्यभर असे हुकूम पाळलेले होते. कोणी 'बंद' म्हटलं की आधी बंद, मग प्रश्न. तो पडवीत धावला. खट् असा आवाज आला.

पंख्याची पाती मंद झाली. घरघर खाली खाली गेली आणि थांबली. क्लेमेंटीन तशीच उभी होती, हात पुढे, बोटं नळीपासून वीतभर लांब.

मग बुटकीने मान उचलली. ती पंख्याकडे बघत होती. ती पुढे आली, तोटी तोंडात घेतली आणि पाणी पिऊ लागली. तिच्यामागे एकेक करत सगळी. जो आवाज मी इतके दिवस अंधारात एकट्याने ऐकला होता, तो त्या दिवशी भर दुपारी सगळ्यांनी ऐकला.

विघ्नेश आला. त्याने सुतळी सोडली. वायरीचं वरचं आवरण उन्हाने कडक होऊन तडकलं होतं आणि तांबं नळीला टेकलेलं होतं.

"काका, ही स्पीकरची वायर आहे. हिच्यातून गाणी न्यायची, पंखा नाही चालवायचा." त्याने कोब्याकडे बघितलं, मग दाराशी काढून ठेवलेल्या गमबुटांकडे. "काकी रोज बूट घालून यायच्या म्हणून त्यांना काही लागलं नाही. डुकरं ओल्या तोंडाने, उघड्या पायाने. आधी थोडा करंट असेल. आज तांबं पूर्ण उघडं पडलं." क्लेमेंटीनच्या पायांकडे सगळ्यांनीच बघितलं.

प्लासिड खाली बसला. "वारा लागावा म्हणून लावला होता गं," तो म्हणाला. क्लेमेंटीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

रोझलीन मावशी दाराशी घुटमळत होती. "म्हंजे डुकरांना धरम नाय तर," ती शेवटी म्हणाली.

"मावशी, आपल्याला आहे ना?" क्लेमेंटीन म्हणाली. "आपण इतके दिवस दाराशी मेणबत्त्या लावल्या. आत कोणी गेलं?"

मावशीने मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण नखाने खरवडायला घेतलं. तसबीर मात्र तिने तशीच ठेवली.

मित्रांनो, इथे गोष्ट संपायला हवी होती. वायर बदलली, पंख्याला जोडणी नीट झाली, वीज गळाली तर आपोआप बंद होणारं बटण बसलं. नळी आता नुसती नळी होती. पण पंखा फिरू लागला की डुकरं मध्यभागी जमायची आणि भिंतीकडे बघत राहायची. माणसांनी दुरुस्त केलं हे त्यांना कोण सांगणार? ती ओरडत नव्हती. फक्त थांबत होती. ते थांबणं ऐकताना मला किंकाळ्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

म्हणून क्लेमेंटीनने एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी ती पंखा लावते, गमबूट दाराशी काढते आणि अनवाणी आत येते. पहिल्या दिवशी प्लासिड स्विचवर हात ठेवून उभा होता आणि त्याचा श्वास मला इथवर ऐकू येत होता. ती ओल्या कोब्यावर उभी राहते, नळी मुठीत धरते आणि बुटकीकडे बघत राहते. बुटकी बराच वेळ तिच्या पायांकडे बघते, मग हाताकडे. मग येते. तिच्या मागून उरलेली पिल्लं येतात. काही पिल्लं उरली आहेत, आणि बुटकीच्या तालाच्या टोकाला आता दूध असतं.

ही डुकरं कायम इथे राहणार नाहीत. ती सणाला आणि लग्नाला विकली जातात, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. मी त्याबद्दल काही सांगायला बसलेलो नाही. जोवर ती ह्या पत्र्याखाली आहेत तोवर त्यांचं ऐकायचं, एवढंच माझं मागणं आहे. माझी जाळी पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्या आसपास कोणी ओरडत असेल तर ते का ओरडतं हे आत जाऊन बघा. आणि कोणी अचानक गप्प झालं तर त्याहून लवकर जा.

एलिनाचा अभ्यास पूर्ण झाला. पेटी ती घेऊन गेली. मला मात्र काढायचं राहून गेलं, आणि माझी वायर आता मोकळीच लोंबते आहे. काल शुक्रवार होता. लाईट गेली, पंखा थांबला, पत्र्यावर एक पान पडलं. बुटकी आडवी झाली आणि संथ हुंकार देऊ लागली. माझा पडदा थरथरत होता. पुढे ऐकणारं कोणी नव्हतं, असं मला वाटलं. मग दाराशी एक हालचाल ऐकू आली. क्लेमेंटीन उंबऱ्यावर बसली होती, पाय जवळ घेऊन, कान आत लावून.